मोसंबीच्या बागेतलं एक फुलपाखरू आणि एक पतंग

फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकतो. फुलपाखरू दिवसा, पतंग रात्री. फुलपाखरू रंगीत, पतंग मळकट. फुलपाखरू पंख मिटून बसतं, पतंग पसरून. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण ज्याच्या बागेत हे दोघं उतरतात त्याचा प्रश्न वेगळा असतो: यातलं कोण, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, काय खातं? हा प्रश्न नीट समजून घ्यायला मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागेइतकी चांगली जागा नाही. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, पैठण, पाचोड हा सगळा मोसंबीचा पट्टा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि या बागांत एक फुलपाखरू आणि एक पतंग असे येतात की दोघांची जीवनकथा एकमेकांच्या बरोबर उलटी आहे.

फुलपाखरू म्हणजे लिंबाळी. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली. काळ्या पंखांवर फिकट पिवळे वेडेवाकडे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल डाग. पंख पसरले तर आठ ते दहा सेंटिमीटर. अंगणातल्या कडीपत्त्याभोवती, दारच्या लिंबाभोवती घिरट्या घालताना हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी.

पतंग म्हणजे फळातला रस शोषणारा पतंग. कृषी खात्याच्या पत्रकात तो ‘रसशोषक पतंग’ म्हणून येतो. याच्या एकाहून जास्त जाती आपल्याकडे आहेत. इथे मी युडोसिमा मटर्ना ही धरली आहे. आकाराने तो लिंबाळीएवढाच. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यावर बारीक रेघा, बसला की वाळकं पानच. मागचे पंख मात्र झळझळीत नारिंगी, मधोमध काळा गोल ठिपका, काठाला काळी पट्टी. त्याची सख्खी बहीणजात युडोसिमा फॅलोनिया हिच्या नारिंगी पंखावर गोल ठिपक्याऐवजी वाकडा, स्वल्पविरामाच्या आकाराचा काळा डाग असतो. बागेत दोन्ही सापडतात आणि नुकसान सारखंच करतात.

आता ‘पतंग मळकट असतो’ या समजुतीचं काय करायचं? बसलेला मटर्ना मळकट दिसतो, हे खरं. पण त्याला हात लावायला जा. पुढचे पंख झटकन बाजूला होतात आणि खालचा नारिंगी रंग डोळ्यांवर येतो. पक्षी क्षणभर दचकतो, तेवढ्यात पतंग पसार. आधी लपायचं, लपून भागलं नाही तर दचकवायचं, असा हा दुहेरी बचाव आहे. रंग त्याच्याकडे भरपूर आहेत. ते कधी दाखवायचे एवढंच त्याने राखून ठेवलंय.

दोघांना ओळखायची भरवशाची खूण रंगात नाही, मिशांत आहे. लिंबाळीच्या मिशा बारीक, सरळ आणि टोकाला जाडसर, गाठ आल्यासारख्या. मटर्नाच्या मिशा दोऱ्यासारख्या, टोकापर्यंत निमुळत्या होत गेलेल्या. दुसरी खूण पंखांच्या सांध्यात. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो, तो पुढच्या पंखाच्या खालच्या आकडीत अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एक होऊन हलतात. फुलपाखराला हा आकडा नाही. त्याचा पुढचा पंख मागच्यावर नुसता टेकलेला असतो आणि तेवढ्यावर काम भागतं. ही खूण बघायला भिंग लागतं, पण एकदा पाहिली की विसरत नाही.

रात्रीच्या धंद्यासाठी पतंगाकडे आणखी दोन गोष्टी आहेत. एक, डोळे. फुलपाखराच्या संयुक्त डोळ्यातलं प्रत्येक भिंग आपापल्या वाट्याचाच उजेड टिपतं. उन्हात तेवढं पुरतं. पतंगाच्या डोळ्यात अनेक भिंगांतून आलेला उजेड एकाच जागी गोळा होतो, म्हणून चांदण्यातही त्याला झाडं-फळं दिसतात. हाच डोळा बॅटरीच्या झोतात निखाऱ्यागत चमकतो, आणि रात्री बागेत फिरणारे लोक पतंग त्यावरूनच हेरतात. दुसरी गोष्ट, कान. या पतंगाच्या छातीच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंना पातळ पडदे असतात. वटवाघूळ शिकार शोधताना जो आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतं, तो या पडद्यांना कळतो. आवाज जवळ आला की पतंग गिरक्या घेतो, नाहीतर सरळ खाली झेप टाकतो. लिंबाळीला अशा कानांची गरजच पडत नाही. ऊन उतरलं की ते झुडपात बसून रात्र काढतं.

इथवर झाली अंगकाठी. खरा विषय खाण्याचा.

लिंबाळीची मादी कोवळ्या पानावर उतरते तेव्हा पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. तिच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. पान लिंबाच्या कुळातलं आहे, हे तिला तिथेच कळतं. मोसंबी, लिंबू, संत्रा, बेल, कवठ, कडीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांच्या पानांत जे सुगंधी तेल असतं त्यामुळे बाकीचे बरेच किडे लांब राहतात. लिंबाळीच्या अळीला मात्र तेच हवं असतं. काळ्या रानात बांधाबांधाने उगवणारी बावचीही तिला चालते, जरी ती लिंबाच्या कुळातली नाही. ऑस्ट्रेलियात तर हे फुलपाखरू मुख्यतः बावचीच्याच जातभाईंवर वाढतं.

अंडी ती एकेक, सुटी घालते. गोल, फिकट पिवळी, मोहरीहून लहान. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. पहिल्या चार अवस्थांत ही अळी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा वाटते: काळपट-तपकिरी, ओलसर चकाकी आणि मधे पांढरा पट्टा. पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर, काहीच न लपवता बसते, कारण विष्ठा खायला कोणता पक्षी येणार? पाचव्या अवस्थेत ती एकदम हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. या वेळी तिला गवताच्या काडीने मानेजवळ हलकंच डिवचून बघा. डोक्याच्या मागून दोन फाट्यांचं मऊ, ओलं शिंग बाहेर येतं आणि आंबूस उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शिकारी किडे या वासाला बिचकतात. मिनिटभरात शिंग आत जातं आणि अळी पुन्हा पान कुरतडायला लागते.

कडीपत्त्याच्या एका फांदीवर चार अळ्या असल्या तर आठवड्यात फांदीला नुसते देठ उरतात. रोपवाटिकेत तर हे संकटच. खुंटावर डोळा भरलेलं कलम, त्याला आलेली पहिली नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि तीच अळीने साफ केली तर रोपाची वाढ तिथेच थांबते. दोन-तीन वर्षांच्या बागेतही नवती फुटली की ही अळी हजर. पूर्ण वाढलेल्या, शेकडो फांद्यांच्या झाडाला मात्र तिचं खाणं जाणवतही नाही.

मग ती खाणं थांबवते, फांदीला शेपटीकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेते आणि कोष होतो. या कोषावर कसलंही वेष्टन नसतं. आजूबाजूला हिरवं असेल तर तो हिरवा, वाळकं असेल तर तपकिरी. साधारण आठवडा-दीड आठवड्याने फुलपाखरू बाहेर येतं, आणि त्या दिवसापासून त्याचा पानांशी खाण्यापुरता संबंध संपतो. फुलांतला मध, आणि नरांच्या बाबतीत ओल्या मातीतले क्षार, एवढंच त्याचं खाणं. पाटाच्या कडेला किंवा ठिबकच्या गळक्या जागी दहा-बारा फुलपाखरं एका ठिकाणी बसलेली दिसतात, ते बहुतेक नर असतात. बागेतल्या एकाही फळाला लिंबाळी धक्का लावत नाही.

आता मटर्नाकडे वळू. इथे सगळी गोष्ट उलटी होते.

मटर्नाची मादी अंडी घालायला मोसंबीच्या झाडावर येतच नाही. ती जाते बांधावरच्या, ओढ्याच्या काठच्या, काटेरी कुंपणावर चढलेल्या वेलींवर. गुळवेल आणि वासनवेल या तिच्या मुख्य जागा. दोन्ही एकाच कुळातल्या. तिची अळी याच वेलींची पानं खाऊन वाढते. दिसायला ही अळी फार देखणी: मखमली काळपट अंग, प्रत्येक बाजूला डोळ्यासारखे दोन ठिपके, पांढऱ्या-पिवळ्या कडेचे. घाबरली की डोकं आत वळवते, शेपूट वर उचलते, आणि ते खोटे डोळे समोर येतात. सोयाबीनवरची उंटअळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची चालही ओळखीची वाटेल. पोटाखालचे पुढचे पाय तोकडे असल्याने ती पाठ वर काढत चालते. कोष करताना पानं रेशमाने एकमेकांना जोडून ती आत बसते. म्हणजे लिंबाळीचा कोष उघडा, हिचा पानांच्या घडीत झाकलेला.

या सगळ्या काळात, अंडं ते कोष, हिने बागेचं कवडीचंही नुकसान केलेलं नसतं. बांधावरच्या गुळवेलीची पानं खाल्ली म्हणून कोण तक्रार करणार? शेतकऱ्याला ही अळी माहीतही नसते. पतंगाला पंख फुटतात तेव्हा त्रास सुरू होतो.

फुलपाखरं आणि पतंग दोघांनाही सोंड असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ती दोन अर्ध्या नळ्या जोडून बनलेली असते. लिंबाळीची सोंड मऊ. फुलात आधीच असलेला मध ओढून घ्यायचा, एवढंच तिचं काम. मटर्नाची सोंड जाड, कडक, टोकाला अणकुचीदार आणि त्या टोकावर मागे वळलेले काटे. पतंग सोंड सालीवर टेकवतो आणि दोन्ही अर्धे भाग आळीपाळीने पुढे-मागे सरकवतो. एक भाग आत रुततो, काट्यांनी धरून ठेवतो, तेवढ्यात दुसरा पुढे जातो. मोसंबीची जाड साल या रीतीने भेदली जाते. याच पतंगाच्या जवळच्या गोतावळ्यात कॅलिप्ट्रा नावाचे पतंग आहेत. तेही फळं टोचतात, आणि त्यांच्यातल्या एका जातीचे नर सस्तन प्राण्यांची कातडी टोचून रक्त पितात, हे कीटकतज्ज्ञ हान्स बेंझिगर यांनी १९६८ मध्ये मलेशियातल्या निरीक्षणावरून दाखवलं. फळाची साल भेदणारं हत्यार थोडं आणखी पुढे गेलं की काय होतं, याचा तो नमुना. आपल्या मटर्नाला मात्र फळांचा रसच लागतो.

दिवे लागणीनंतर हे पतंग बागेत येतात आणि रात्रीचे पहिले काही तास जोर असतो. सकाळी फळाकडे पाहिलं तर टाचणीने टोचल्याएवढं एक भोक, बाकी काही नाही. फळ हातात घेऊन भोकाच्या बाजूला अंगठ्याने दाबलं की तिथून रसाचा थेंब वर येतो. दोन-तीन दिवसांत भोकाभोवती गोल, मऊ, तपकिरी डाग पडतो. कापून पाहा: भोकाखालच्या फोडी कोरड्या, स्पंजासारख्या झालेल्या असतात. भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ सडतं, आंबूस वास सुटतो आणि फळ गळून पडतं. पतंगाने प्यालेला रस किती, तर थेंबभर. फळ वाया जातं ते या सडण्याने.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सडलेलं फळ कापल्यावर लोक आत अळी शोधतात, आणि अळी सापडली नाही की ‘कीड नाही, बुरशीच आहे’ असं म्हणून बुरशीनाशकाच्या मागे लागतात. या पतंगाच्या नुकसानीत फळात अळी नसतेच. त्याची अळी बांधावर असते. फळात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ते काम फळमाशीचं, कारण ती फळातच अंडी घालते. फळगळ पाण्याच्या ताणाने, अतिपावसाने, अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही होते. म्हणून गळलेली पाच-पन्नास फळं गोळा करून आधी भोक आहे का ते पाहावं, मग कारण ठरवावं.

मराठवाड्यात हा त्रास आंबे बहाराला जास्त का होतो, तेही या जीवनक्रमावरून कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहाराचं फळ रसाने भरायला लागतं ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि तोडणी दिवाळीच्या आगेमागे होते. उन्हाळ्यात गुळवेलीची पानं झडलेली असतात, वासनवेलही कोमेजलेली असते. पाऊस पडला की दोन्ही वेली हिरव्यागार होतात, अळ्यांना खाणं मिळतं, महिनाभरात पतंगांची पिढी तयार होते. मग पुढची. ज्या सुमाराला पतंग भरपूर होतात त्याच सुमाराला आंबे बहाराचं फळ पिकायला आलेलं असतं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बहाराची, फळं त्या वेळी लहान, हिरवी, टणक असतात आणि ती पिकतात तेव्हा पतंगांचा भर ओसरलेला असतो.

दोघांच्या बंदोबस्ताची दिशाही यावरून ठरते. लिंबाळीसाठी दिवसा झाडाकडे बघायचं. रोपवाटिकेत आणि नव्या लागवडीत नवती फुटली की पानं उलटून-पालटून अंडी-अळ्या हाताने वेचल्या तरी काम भागतं. ट्रायकोग्रामा नावाच्या अगदी बारीक गांधीलमाश्या या फुलपाखराच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. सरसकट फवारलं की त्या आधी मरतात. उडणाऱ्या फुलपाखराच्या मागे लागण्यात काहीच अर्थ नाही. आणि मोठ्या झाडांवरच्या चार-दोन अळ्या राहू द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं त्या ब्ल्यू मॉरमॉनची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते. अळ्या सगळ्या मारून फुलपाखरं मिळत नसतात.

पतंगाच्या बाबतीत झाडावर औषध मारून फार उपयोग होत नाही. तो पान खात नाही, फळावर रात्रीच येतो, आणि सोंड थेट सालीच्या आत घालतो, त्यामुळे वरच्या औषधाचा अंश त्याच्या पोटात फारसा जात नाही. म्हणून बागेभोवतालच्या गुळवेल-वासनवेलीकडे आधी पाहायचं. त्यांच्यावर अळ्या आहेत का हे जुलैपासून बघावं. इथे अडचण आहे ती गुळवेलीच्या मोलाची. करोनाच्या काळात घरोघरी काढे झाले, कडुलिंबाच्या झाडावर मुद्दाम गुळवेल चढवली गेली, ती तोडा म्हटलं तर जीवावर येतं. घराजवळची एखादी वेल ठेवून तिच्यावरच्या अळ्या वेचता येतात. बागेच्या बांधावरची मात्र काढलेली बरी. पण पतंग लांबून उडत येतो. एकट्याने आपला बांध साफ केला आणि शेजारच्या ओढ्याकाठी वेलींची जाळी तशीच राहिली, तर फरक थोडाच पडतो. हे काम शिवाराने मिळून केलं तरच चालतं.

संध्याकाळी बागेत ओला पालापाचोळा जाळून धूर करण्याची जुनी पद्धत आहे. धुराने फळांचा वास दबतो आणि पतंग बिचकतात. प्रकाश सापळे लावता येतात. गूळ आणि फळांचा रस मिसळलेलं विषारी आमिष ठेवण्याची शिफारसही आहे. त्यातलं औषध आणि प्रमाण जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून विचारूनच घ्यावं, कारण ही भांडी रात्रभर उघडी असतात आणि बागेत गुरं, कुत्री, मुलं फिरत असतात. जपानात फळबागांमध्ये रात्री पिवळे दिवे लावतात. त्या उजेडात पतंगाच्या डोळ्यांना दिवस असल्यासारखं वाटतं आणि तो हालचाल कमी करतो. थोडी झाडं असतील, परसातली डाळिंबं किंवा पेरू असतील, तर फळांना कागदी-कापडी पिशव्या बांधणं सगळ्यांत सोपं. हा पतंग डाळिंब आणि पेरूलाही सोडत नाही.

आणि गळलेली फळं झाडाखाली पडू देऊ नयेत. सकाळच्या सकाळी वेचून खड्ड्यात टाकावीत, वर माती ओढावी. बांधावर फेकलेली फळंही तितकीच वाईट, कारण आंबलेल्या रसाच्या वासावर पुढच्या रात्रीचे पतंग येतात, आणि एकदा बागेत शिरले की चांगल्या फळांकडे वळतात.